जोसेतच्या सहा ओळी

बाप गेला की फ्रान्सात बर्गंडीच्या त्या उतारावर मळा वाटून घेत नाहीत, द्राक्षवेलींच्या ओळी वाटून घेतात. जोसेतच्या वाट्याला सहा आल्या. दोन्ही अंगांना धाकट्या भावाच्या, ल्युसियाँच्या ओळी. चाळीस वर्षं बाईने त्या छाटल्या, तारेला बांधल्या, आणि दर साली एक पिंप वाइन केली. पिंप काठोकाठ भरलं तरच वाइन टिकते. वर वीतभर हवा राहिली की वसंतापर्यंत आंबून जाते. सहा ओळींत पिंप भरायचं, पाचांत नाही.

खुडणीच्या दिवशी ती कात्री घेऊन गेली, तर सहावी ओळ बोडकी. पानं जागच्या जागी, घड एकही नाही.

ल्युसियाँ त्याच्या तळघरात वाइनच्या टाकीचा पाइप धूत होता.

"माझी ओळ खुडलीस."

"मी नाही, गड्यांनी. मोजायला चुकले."

"गेल्या साली चार वेली चुकले, यंदा अख्खी ओळ. पलीकडच्या शेजाऱ्याकडे बरे चुकत नाहीत?"

"खालची माझी एक ओळ घे, ताई. विषय संपला."

"पाणी तुंबतं तिथली? ती द्राक्षं नव्हेत, पाण्याचे फुगे. माझी ओळ आजोबांनी लावलेली."

"मग आता टाकीतून तुझे मणी वेचून काढू?"

जोसेतने क्रेट उलटं केलं आणि त्यावर बसली.

दुपार झाली. भावजय मोनिक पाव-चीज घेऊन आली. "वन्सं, वर येऊन जेवा तरी."

"इथंच बरी आहे. माझा माल जिथं, तिथं मी."

"अहो, द्या ना त्यांना," मोनिक नवऱ्याला म्हणाली. "मला हे तळघर झाडायचंय."

ल्युसियाँने पाइप खाली टाकला. "काय देऊ? तूच सांग."

"वाइन झाली की माझ्या पिंपात तूट पडेल तेवढी तुझ्या टाकीतून. माझी ओळ तिथंच आहे."

"त्या टाकीत माझा वरच्या उताराचा उत्तम माल आहे."

"त्यात माझी ओळ ओतताना तो आठवला नाही वाटतं."

तीन आठवड्यांनी तो दोन कॅन घेऊन तिच्याकडे आला, पुटपुटत. पिंपात ओतत राहिला. वाइन भोकाच्या कडेला टेकत आली, तेव्हा कॅनच्या तळाशी घोटभर उरली होती. त्याने फळीवरचा पेला उचलला.

"ठेव तो," जोसेत म्हणाली. तो घोटही तिने पिंपात ओतला आणि बूच ठोकलं.