बावीस एकरांतली पावसाळी वाट

जागा बघण्याच्या धंद्यात पंधरा वर्षं काढली की किस्से आपोआप साठत जातात. मोजणीसाठी माणूस उन्हात उभा राहिला की अख्खं गाव त्याच्याशी बोलायला येतं. माझी आई विचारते, तू जमिनी मोजायला जातेस की चौकश्या करायला? दोन्हींसाठी जाते. प्लॉट पाडायच्या, बांधकाम आखायच्या आधी जागेचा अभ्यास करून द्यायचा, हे माझं काम. ते चौकश्यांशिवाय होतच नाही.

ऑफिस मुरबाडला, एसटी स्टँडच्या मागे. आम्ही तिघं. मी, नुकताच डिग्री घेऊन आलेला निखिल इंजिनिअर आणि बाळूदादा. बाळूदादा मोजणीची पट्टी धरतो, आणि आमचं काही चुकलं की गप्प राहून लांब डोंगराकडे बघत बसतो.

आज सांगते ते किस्से एकाच जागेचे. मुरबाडपासून अर्ध्या तासावर बावीस एकर, मागे डोंगर, पायथ्याशी चिंचवाडी. बाळूदादा तिथलाच. कल्याणच्या एका शेठना तिथे सेकंड होमचे प्लॉट पाडायचे होते. वाडीची रस्त्याला यायची वाट नेमकी याच बावीस एकरांतून जाते. माझ्या नकाशात वाट आली तर ती राहणार, नाही आली तर कंपाउंड पडणार आणि वाडी आत कोंडली जाणार. भांडण एवढंच होतं, पण मला सहा महिने पुरलं.

सुरुवात मार्चमध्ये झाली. निखिल माती बघून आला तो घाबराघुबरा.

"मॅडम, खालच्या बाजूला काळी माती लागलीय. पाया खोल घ्यावा लागेल."

आमच्याकडे तांबडी माती, मुरुम. काळी कुठून आली?

"पॅच आहेत. चौकोनी. एकदम रेग्युलर." त्याने पिशवी दाखवली. बाळूदादा डोंगराकडे बघायला लागला.

"दादा, बोला आता."

"काय बोलू ताई. तो राब हाय."

पावसाच्या आधी शेताच्या कोपऱ्यात पालापाचोळा, फांद्या, शेण जाळतात आणि त्या भाजलेल्या तुकड्यात भाताचं रोप करतात. जुना मालक अजून खालचं शेत लावत होता. आमचा इंजिनिअर त्याची राख पिशवीत भरून लॅबला पाठवायला निघाला होता.

"मग रिपोर्टमध्ये काय लिहू?" निखिलने विचारलं.

"लिवा, हितं भात चांगला होतो."

मी तसंच लिहायला लावलं. जागेबद्दलची ती खरी माहिती होती.

मग क्लबहाउस. शेठना ते टेकाडावर हवं होतं. शेठ यायचे ते नेहमी सकाळी दहाला. गार वारा, समोर डोंगर, शेठ खूश. मी म्हटलं, एकदा दुपारी चारला या.

"चारला वेगळं काय दिसतं?"

"दिसत काही नाही, शेठ."

आले बिचारे. सव्वाचारला वारा फिरला आणि पश्चिमेकडच्या पोल्ट्रीचा वास असा काही आला की शेठनी रुमालाची घडी नाकाला लावली ती काढलीच नाही. रुमालातूनच त्यांनी विचारलं, "हे रोज असतं?"

"रोज इतकं नाय, शेठ," बाळूदादा म्हणाला. "पावसात जास्त."

क्लबहाउस दुसरीकडे गेलं. त्या दिवसापासून शेठ माझं थोडंफार ऐकायला लागले. थोडंफारच.

निखिलला हसतेय, पण माझी चूक त्याच्यापेक्षा मोठी होती. वाडीची वाट मी पहिल्याच आठवड्यात नकाशात घेतली होती. कापणी झालेल्या शेतांतून सरळ रस्त्याला जाणारी, पायांनी पांढरी पडलेली. शेठही म्हणाले होते, ठेवू, त्यात काय. मी नकाशा घेऊन मोठ्या ऐटीत सोमीमावशीकडे गेले. मावशी वाडीतली सगळ्यांत जाणती बाई. अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती.

"मावशी, ही बघा तुमची वाट."

मावशीने कागदाकडे बघितलंच नाही. "ती उन्हाळी. पावसाळी कुठं गं घेतली?"

मग मावशीनेच समजावलं. पावसात त्या शेतांत गुडघाभर पाणी असतं, त्यात भाताच्या रोपांचं आवण लावलेलं. लावलेल्या भातातून कोण चालेल? जून लागला की सगळी वाडी वरच्या कडेने, उंचावरून फिरून रस्त्याला येते. पाऊस सरला की ती वाट कोणी वापरत नाही, नुसतं गवत दिसतं. मी उन्हाळ्यात गेले आणि उन्हाळ्याची वाट काढून आले. पंधरा वर्षं धंद्यात आहे म्हणून मिरवते, त्या दिवशी माझी मलाच लाज वाटली.

मावशीबरोबर चालत जाऊन मी दुसरी वाट घेतली. ती निघाली चौदा ते अठरा नंबरच्या प्लॉटमधून. नेमके डोंगर दिसणारे, शेठचे सगळ्यांत लाडके प्लॉट.

शेठ ऑफिसला आले ते नकाशा हातात घेऊनच.

"मॅडम, तुमची एक वाट मी ठेवली. पेव्हर ब्लॉकसुद्धा टाकून देतो. ही दुसरी कुठून काढली?"

"होतीच ती."

"सातबाऱ्यावर आहे?"

"नाही."

"ड्रोनच्या फोटोत?"

"नाही."

"मग आहे कुठे?"

"पावसात."

शेठ हसले. निखिलही हसला, मग माझा चेहरा बघून थांबला. शेठ म्हणाले, मी दुसरा कोणी बघतो. मी म्हटलं, खुशाल बघा, पण माझ्या सहीचा नकाशा जाईल तो वाटेसकट. नाहीतर ऑगस्टमध्ये एकदा स्वतः या, मग बोलू. तेही हट्टाला पेटले. "येतो," म्हणाले.

ते गेल्यावर निखिल म्हणाला, "मॅडम, एवढं मोठं काम जाईल."

भीती मलाही वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण शाळा, दवाखाना, बाजार, पावसाचे चार महिने वाडीचं सगळं त्या गवताच्या पट्टीवर. ती पुसून मी बाळूदादाच्या शेजारी डबा उघडून कशी बसणार होते?

जुलैमध्ये शेठच्या आर्किटेक्टचा फोन. वाट आहे म्हणता, तर वापर किती ते मोजून द्या. निखिलला छत्री देऊन वरच्या कडेला बसवला. दुपारी त्याचा फोन आला.

"मॅडम, शाळेची मुलं धरली, दूधवाला धरला. आता एक कपाट येतंय. कशात धरू?"

"कपाट कसं येतंय?"

"दोन माणसांच्या डोक्यावर."

"मग दोन धर."

ऑगस्टमध्ये शेठ आले. पांढरे बूट, मोठी छत्री. त्याआधीच त्यांनी चौदा ते अठरा नंबरच्या प्लॉटवर लाल रंगाच्या खुंट्या ठोकून घेतल्या होत्या. वाट नाहीच, असं धरून.

"वाडीत जाऊ," म्हणाले. "पण मी ठेवलेल्या वाटेने."

बाळूदादा डोंगराकडे बघायला लागला. मी म्हटलं, चला.

तिसऱ्या बांधावर शेठचा पाय सटकला आणि ते भातात बसले. उठायला गेले, ओरडले, परत बसले. घोटा सुजला. खाली शेतात फोनला रेंज नाही, गाडी रस्त्यावर. बाळूदादाने वाडीकडे तोंड करून हाळी दिली. चार गडी बांबू आणि गोधडी घेऊन आले, झोळी बांधली आणि शेठना त्यात घातलं. "मी चालतो, मी चालतो," असं शेठ झोळीत पडल्यावरही म्हणत होते. सोमीमावशीने वरून प्लास्टिक टाकलं.

गडी न विचारता वरच्या कडेला चढले. गवतातून तुडवून काढलेली लाल वाट सरळ रस्त्यापर्यंत दिसत होती. चढणीला त्यांना धाप लागली, पण पाय कुठे अडखळला नाही. मागे निखिल, शेठचा एक बूट हातात घेऊन.

सोळा नंबरच्या प्लॉटवर पुढचा गडी थांबला. झोळी हलायला लागली. बाळूदादा प्लास्टिकपाशी वाकला.

"शेठ, तुमची खुंटी आडवी येते. काय करू?"

शेठनी झोळीतून हात काढून प्लास्टिक बाजूला सारलं.

"काढ," शेठ म्हणाले. "पुढं अजून दोन आहेत. त्यापण काढ."