रखमाबाईचा अंगठा

मंडळींनो, तुम्हीही माझ्यासारखेच कापसाच्या जिनिंगचे मालक, म्हणून आज घडलेलं तुम्हालाच लिहितोय.

निजाम सरकार नवा कायदा आणू पाहतंय. कारखान्यातल्या बाईला बाळंतपणात पगारी रजा द्यावी लागेल. त्यावर सरकारनं मालक-मजुरांचं मत मागवलंय. तेव्हा बायकांच्या नावानं आपण मालकांनीच दरख्वास्त, म्हणजे अर्ज, लिहिली, 'आम्हाला ही रजा नको.' आदिलाबादच्या माझ्या जिनात आज सकाळी मी तिच्यावर बायकांचे अंगठे घेत होतो.

बेला गावची रखमाबाई सात हंगाम माझ्याकडे काम करते. तिला आठवा महिना आहे. शाईत अंगठा बुडवताना तिनं विचारलं, "मालक, यात काय लिवलं हाय?"

"तुमच्या भल्याचंच हाय," मी म्हणालो.

तिनं लगेच कागदावर अंगठा उठवला. मग पदराला बोट पुसत म्हणाली, "बाळंतपणाचं बी काही लिवा ना, मालक. मागच्या खेपेले दहाव्या दिवशीच कामावर आली होती मी. उभं राहवत नव्हतं. तुमी लिवलं तं सरकार आयकन."

मला तिच्याकडे बघवेना. तो कागद तिथंच फाडायला हवा होता. मी "बरं, लिवतो" म्हणालो आणि पुढच्या बाईला बोलावलं. दुपारी दरख्वास्त माझ्याच हातानं टपालात टाकली.

तुमच्या जिनात कुणा बाईनं विचारलं का, कागदात काय आहे म्हणून? विचारलं असेल, तर तुम्ही काय सांगितलंत?