तारेला लावलेला कागद

एका कागदाकडे पाहून मी "यात काही न्हाई" असं म्हणालो, त्याला चार वर्षं झाली. तीन शब्द. त्याआधी आणि त्यानंतर मी बरंच काही बोललो असेन, पण माझ्या नावावर जमा आहेत ते हेच.

कुरुंद्याच्या वाटेवर हळदीचं एक खासगी मार्केट होतं. तिथला टोकनचा प्रोग्राम माझा. शेतकऱ्यानं फोनवरून नाव टाकायचं, नंबर घ्यायचा, त्या नंबरानं गाडी आत. कोणी काय टाइप केलं याची नोंद आपोआप होत राहायची. तिला आम्ही लॉग म्हणतो. ती नोंद लिहायचं काम मी एका लायब्ररीवर सोपवलं होतं. लायब्ररी म्हणजे कुणीतरी लिहून सगळ्यांना फुकट दिलेला तयार कोड. मी तो कधी उघडून वाचला नाही. दुसऱ्या कुणी वाचला असेल, असं प्रत्येकजण धरून चालतो.

मग त्या लायब्ररीत भोक असल्याची बातमी आली. नावाच्या रकान्यात ठराविक मांडणीचा मजकूर टाकला की ती तो नुसता लिहून ठेवत नसे, त्याप्रमाणे वागे. गेटवरच्या माणसानं वहीत "गोदाम उघडा" असं लिहून घेता घेता उठून गोदाम उघडून द्यावं, तसं. नवी आवृत्ती फुकटच होती. ती बसवून मशीन बंद-चालू करायचं होतं, अर्ध्या तासाचं काम.

पण सीझन चालू होता, आणि सीझनमध्ये मशीनला हात लावायचा नाही असा तिथला नियम. तो माझ्यामुळेच झालेला. आदल्या वर्षी मी मशीन बंद-चालू केलं, नंबर पुन्हा एकपासून सुरू झाले, आणि एक नंबरच्या दोन मालकांनी एकमेकांच्या ट्रॅक्टरच्या चाव्या काढून घेतल्या.

मार्केटच्या सचिवांनी विचारलं, "सर, ते बातमीतलं भोक आपल्यात बी हाय का?"

"होतं. बुजवलं."

"बराबर," म्हणत त्यांनी डायरीत लिहून घेतलं. सीझन संपला की बुजवणारच होतो.

त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी टोकनची यादी गायब होती. बाहेर गाड्यांची रांग, आणि पहिला कोण हे कुणालाच माहीत नाही. ऑफिसात सगळ्यांची नजर गेली ती टोकनचं काम बघणाऱ्या बाईंच्या टेबलावरच्या पेन ड्राईव्हवर. बाई साखऱ्याकडच्या एका तांड्यावरच्या, वसमतला खोली करून राहायच्या. पेन ड्राईव्हमध्ये तलाठी भरतीचे जुने पेपर होते. तो लावून त्यांनीच व्हायरस आणला असं ठरलं. ठरायला फार वेळ लागला नाही. तांड्यावरच्या म्हणून आणखी कमी लागला, हेही लिहून टाकतो.

मार्केटच्या मालकांचा कॉम्प्युटरवर भरवसा नव्हता. म्हणून बाई रोज संध्याकाळी लॉगचं शेवटचं पान छापून खिळ्याच्या तारेला लावत. त्यांनी कालचं पान काढून सचिवांपुढं धरलं.

"साहेब, हे बघा. असलं नाव कोणाचं आसतंय का? हे बाहेरून आलंय. म्या न्हाई लिवलं."

"मला काय कळतंय त्यातलं. सर सांगतील."

मी पाहिलं. नावाच्या जागी डॉलरचं चिन्ह, महिरपी कंस आणि परक्या मशीनचा पत्ता. दोनदा. दोन्ही प्रयत्न फसले होते, म्हणून जसेच्या तसे उतरले होते. पुढचा फसला नव्हता.

"यात काही न्हाई," मी म्हणालो, आणि कागद घडी करून खिशात घातला.

बाईंना त्याच दिवशी काढलं. मी सगळं नव्यानं बसवून दिलं, भोकही बुजवलं. सचिव म्हणाले, सर होते म्हणून वाचलो.

गेल्या महिन्यात सेनगावात एका झेरॉक्सच्या दुकानात बाई मशीनमागे दिसल्या. गिऱ्हाईक गेल्यावर मी सगळं सांगितलं.

"मला तवाच कळलं व्हतं," पानं जुळवत त्या म्हणाल्या.

"कसं?"

"कचरा आसता तर तुमी खिशात काहून घातला आसता?"

"मग बोलल्या का नाही, ताई?"

"कोणापुढं? वाचणारे तुमी एकलेच."

मी माफी मागायला लागलो. त्यांनी हातानंच थांबवलं. "ते ऱ्हाऊ द्या. अर्ज केला की मार्केटला फोन जातोय, आन् तिथून व्हायरसवाली बाई म्हणून सांगतेत. चार ठिकाणचं काम गेलं. तिथं येऊन सांगा. त्याच खोलीत."

सोमवारी आम्ही दोघं गेलो. सचिव तेच होते. मी जपून ठेवलेला तो कागद टेबलावर ठेवून वाचून दाखवला, एकेका चिन्हाचा अर्थ सांगितला. शेवटी सचिव म्हणाले, "म्हंजे भोक बुजवलंच नव्हतं."

"नाही."

त्यांनी बाईंपुढं खुर्ची सरकवली. मग म्हणाले, "ताई, चहा घ्या."

"चहा नंतर. आधी लिवून द्या."

पत्र मीच टाइप केलं. नुकसान बाहेरून झालं, दोष प्रोग्राम करणाऱ्याचा, बाईंचा नाही. सचिवांनी सही केली, शिक्का मारला आणि मला म्हणाले, "सर, तुमी आता इकडं येऊ नका."

"व्हय," मी म्हणालो.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं, पर्समध्ये ठेवलं. मग हात पुढं करून तो जुना कागदही मागून घेतला.