श्वास नसलेली गाठ

यादीतलं नाव वाचलं तेव्हा सोल्वायनं हातातला कॉफीचा कप खाली ठेवला. आयनर ब्रुसगोर, वय त्र्याहत्तर, घशाचा कर्करोग, मानेत डावीकडे गाठ. पत्ता पश्चिम किनाऱ्यावरचा, तिच्याच गावचा. त्या गावात तिनं सदतीस वर्षं पाय ठेवला नव्हता.

आरहूस शहरातल्या इस्पितळात ती एकवीस वर्षं एकच काम करत होती. रोग्याच्या शिरेत किरणोत्सारी औषध सोडायचं, दोन तास थांबायचं आणि मग त्याला यंत्राच्या बोगद्यात सरकवायचं. गाठीच्या ज्या भागात प्राणवायू पोचत नाही, तिथे ते औषध अडकून बसतं आणि चित्रात तेवढाच भाग पेटलेला दिसतो. अशी गुदमरलेली गाठ भारी चिवट. किरणांना तिला मारायला प्राणवायू लागतो. तो नसला की आजूबाजूचं सगळं मरतं आणि ती मात्र तग धरते.

हा रोगी दुसऱ्या कुणाकडे दे, असं सांगायला तिला अर्धं मिनिट पुरलं असतं. तिनं सांगितलं नाही. आयनर ब्रुसगोरला इस्पितळाच्या ढगळ सदऱ्यात, उघड्या पोटऱ्यांनी बसलेला बघायची संधी तिला सोडायची नव्हती. हे तिनं स्वतःपासूनही लपवलं नाही.

एकोणऐंशी साली आयनर गावच्या मच्छीमार संघाचा अध्यक्ष होता. ठरवून दिल्यापेक्षा जास्त मासळी तेव्हा सगळेच उतरवत. अंधार पडला की धक्क्यावर पेट्यांची रांग लागायची आणि त्यात आयनरच्या पेट्या सगळ्यांत पुढे असायच्या. पण तपासनीस आले ते थेट एकाच होडीवर, सोल्वायच्या बापाच्या, थोरवाल्डच्या. खबर कुणी दिली हे गावात प्रत्येकाला ठाऊक होतं. थोरवाल्डचा परवाना गेला, मग होडी गेली. बिऱ्हाड शहरात आलं आणि समुद्रावरचा माणूस कत्तलखान्यात डुकरं सोलू लागला. त्यानंतर त्यानं मासा तोंडात घातला नाही. दहा वर्षांनी गेला. सोल्वाय तेव्हा एकवीस वर्षांची होती.

आयनरनं तिला दारातच ओळखलं.

"थोरवाल्डची ना तू? हनुवटी तीच आहे."

"बाही वर कर," ती म्हणाली.

"तुझ्या बापाला जाळ्याची गाठ धड मारता येत नव्हती. तुला शीर सापडेल का?"

पहिल्याच टोचणीत सापडली. तो छताकडे बघत राहिला. त्याच्या अंगाला तंबाखूचा ताजा वास होता. सिगारेट कधी सोडली, असं तिनं नियमाप्रमाणे विचारलं. तीन आठवडे झाले, असं त्यानं सांगितलं. तिनं कागदावर लिहिलं: तीन आठवडे, असं म्हणतो, वास ताजा. त्यानं ते उलटं वाचलं आणि बापासारखीच लबाड, असं पुटपुटला.

दोन तास तो आडवा पडून होता. मधे ती पाणी द्यायला गेली, तेव्हा त्याला बोलायची उबळ आली. डॉक्टर म्हणत होते की गाठीत प्राणवायू कमी निघाला तर रोज किरणांच्या आधी गोळ्या घ्याव्या लागतील. त्या गोळ्यांनी किरणांचा जोर वाढतो, पण पोट ढवळून निघतं. आपण चाळीस वर्षं खवळलेल्या समुद्रावर एकदाही ओकलो नाही आणि आता म्हातारपणी गोळ्या खाऊन बादलीत तोंड घालणार नाही, असं त्यानं तिला सुनावलं. 

चित्र पडद्यावर आलं. मानेतली गाठ अक्रोडाएवढी होती आणि मधोमध, निखाऱ्यावरची राख उडावी तसा, लालभडक डाग. एकवीस वर्षांत इतका मोठा डाग तिनं फार थोड्या वेळा पाहिला होता. मनात पहिला शब्द उमटला तो 'बरं झालं.' त्या शब्दाची तिला लाज वाटली नाही, भीती वाटली. 

चित्र रोग्याला दाखवायचं नसतं. ते डॉक्टरचं काम. ती उठली, आयनरला हाताला धरून आत घेऊन आली आणि पडद्यासमोर बसवलं.

"हा लाल भाग दिसतो? याला श्वास नाही. किरण येतील, बाकीची गाठ मरेल, हा चिखलातल्या माशासारखा दडून राहील. सहा महिन्यांनी वर येईल. तेव्हा तुला कुणी वाचवू शकणार नाही. आणि तू ओढतोस ती प्रत्येक सिगारेट याला पोसते."

आयनर चित्राकडे बघत राहिला. मग मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"बापाचा सूड घेतेस?"

"सूड घ्यायचा असता तर गप्प बसले असते," सोल्वाय म्हणाली. "तेवढंच पुरलं असतं."

 तिनं दार उघडून धरलं, आणि तो बाहेर पडता पडता ती आणखी एक वाक्य बोलली. ते आपण मुद्दाम बोललो की निव्वळ जहर बाहेर पडलं, हे तिचं तिलाही कधी ठरवता आलं नाही.

"तसंही त्या गोळ्या तुझ्याच्यानं पोटात राहायच्या नाहीत. तू बोलण्यातलाच खलाशी."

चार दिवसांत तक्रार आली. विभागप्रमुख विबेके हिनं सोल्वायला समोर बसवून विचारलं, चित्र दाखवलंस का, रोग्याचा अपमान केलास का. दोन्हीला सोल्वाय हो म्हणाली. माफीचं पत्र लिहायचं सुचवलं तेव्हा तिनं नकार दिला. लेखी ताकीद तिच्या नावावर जमा झाली आणि वर्षभर नवीन लोकांना शिकवायचं काम तिच्याकडून काढून घेतलं.

आयनरचे उपचाराचे सहा आठवडे सुरू झाले. खालच्या मजल्यावरच्या परिचारिका जेवणाच्या टेबलावर त्याच्याबद्दल बोलायच्या. तो सगळ्यांवर खेकसत होता आणि वरच्या मजल्यावरची ती बाई चोराची मुलगी आहे, असं दिसेल त्याला सांगत होता. हे ऐकताना सोल्वाय राय धान्याच्या काळ्या पावाचा तुकडा चावत राहायची. पण सिगारेट सुटली होती आणि गोळी एकदाही चुकली नव्हती. घ्यायचा, ओकायचा, तोंड पुसायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हात पुढे करायचा. "त्या बाईला खरी ठरू देणार नाही," असं म्हणायचा.

उपचार संपून तीन महिने झाल्यावर तो पुन्हा तपासणीला आला. गाठ राहिली नव्हती. डॉक्टरनं तसं सांगितल्यावर तो व्हरांड्यातून चालत मुद्दाम तिच्या दाराशी आला. निम्मा झाला होता, गळ्याची कातडी चामड्यासारखी करपली होती आणि आवाज फाटला होता.

"एकही गोळी वर आली नाही," तो म्हणाला.

"मला वेगळं कळलंय."

"तुझा बाप चोर होता."

"आणि तू?"

"मी अध्यक्ष होतो."

एवढं बोलून तो लिफ्टकडे गेला. तक्रार त्यानं मागे घेतली नाही, तिनंही घे म्हटलं नाही.

सोल्वायची आई ग्रेथे वृद्धाश्रमात राहायची. आयनर बरा झाल्याची बातमी गावाकडच्या एका बाईनं फोनवर तिला आधीच पोचवली होती, कुठल्या इस्पितळात ते धरून. रविवारी लेक भेटायला आली तेव्हा म्हातारीनं विचारलं, "म्हणजे तूच वाचवलंस त्याला?" सोल्वाय म्हणाली, मी नुसतं चित्र काढलं. ग्रेथेनं तोंड भिंतीकडे फिरवलं. तो रविवार आणि पुढचा रविवार ती लेकीशी एक अक्षर बोलली नाही. सोल्वाय खुर्चीत बसून तास भरायची आणि उठून जायची.

तिसऱ्या रविवारी म्हातारी आपणहून बोलली.

"ओकला का फार?"

"फार," सोल्वाय म्हणाली. "सहा आठवडे, रोज."

 मग कपाटात केक आहे, तो काप, असं तिनं लेकीला सांगितलं.