दोरावरचा माणूस बोलत नाही

यवतमाळ जिल्ह्यात मारेगावकडच्या गावांत उकंडा विहिरीवर दोर धरायचा. खाली उतरून गाळ काढणारे, खडक फोडणारे पुष्कळ होते. पण वरचा दोर उकंडाच्याच हातात हवा, असा उतरणाऱ्यांचा हट्ट असे. फुलचंद तर साफ सांगायचा, "उकंडा नसंल तं मी नाही उतरत. मालक रागावो नाहीतर मालकीण." कापसानं दगा द्यायला सुरुवात केली त्या वर्षांत ज्याला त्याला वाटे, विहीर आणखी दोन हात खोल गेली की आपलं नशीब उघडेल. कुणाचं उघडलं ते विचारू नका, पण उकंडाला मात्र सवड म्हणून नव्हती.

त्याचा एक कायदा होता. दोर हातात असला की तोंड उघडायचं नाही. विहिरीत आवाज घुमतो, धड कळत नाही. आणि वरचा माणूस गप्पांना लागला की त्याचा हात सैल पडतो. म्हणून सगळं झटक्यांवर. खालच्यानं दोन झटके दिले की वर ओढायचं. खालचा घाबरून ओरडला, तर वरच्यानं हलकासा एकच झटका द्यायचा, म्हणजे 'मी आहे'. वाटेनं जाणारा 'जय भीम' म्हणायचा, तरी उकंडाची मान हलायची नाही. नवख्याला वाटे, काय माजलाय हा माणूस! जाणते समजावायचे, "दोरावर हाये तो."

त्याचा मुलगा संघदीप याच कामावर चार उन्हाळे राबला, मग शिकला आणि पांढरकवड्याच्या एका शाळेत खेळाचा मास्तर झाला. २००६ साली नागपूरच्या एका संस्थेनं कडे चढायला शिकवण्यासाठी आठ मास्तर थायलंडला नेले, त्यांत त्याचा नंबर लागला. परतल्यावर आठांतल्या एकाला मुलांच्या शिबिराचा मुख्य शिक्षक नेमायचं होतं. आपल्या गावातला कुणी विमानात बसला नव्हता. संघदीप बसला, आणि उकंडानं अख्ख्या गावाला दोनदा सांगितलं.

तिथं पहिल्याच दिवशी जेवताना त्यानं यवतमाळचं नाव काढलं आणि सगळ्यांचे चमचे थांबले. त्या दिवसांत पेपरात यवतमाळ म्हटलं की एकच बातमी असे, शेतकऱ्याच्या आत्महत्येची. "अरेरे, तिकडचे का तुम्ही?" एकानं विचारलं. "वडील शेतकरीच असतील?"

ती कीव संघदीपच्या अंगाला कुसळासारखी टोचली. "नाही," तो म्हणाला, "पाटबंधारे खात्यात इंजिनिअर आहेत."

जिभेला हाड नसतं, दुसरं काय! माणसं सुटकेचा श्वास टाकून भाताकडे वळली.

समुद्राकाठचा तो कडा एका दोरात संपणारा नव्हता. एकानं पुढे चढायचं, खडकात ठोकलेल्या लोखंडी कड्यांतून दोर ओवत जायचं. टप्पा संपला की तिथं स्वतःला बांधून घ्यायचं आणि मागच्याला वर घ्यायचं. असे चार टप्पे. पुढचा चढत असताना खालच्याचं काम एकच, दोर धरणं. तिथल्या गाईड बाईनं संघदीपचा दोरावरचा हात पाहिला आणि ती थबकली. "हे कुठे शिकलास?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"एक कोर्स केला होता," संघदीप म्हणाला. एक खोटं झाकायला दुसरं लागतंच.

बाईनं बजावलं होतं, वरच्यानं विचारलं की खालच्यानं मोठ्यानं उत्तर द्यायचं. संघदीपनं ते वहीत लिहूनही घेतलं. पण वहीत लिहिलेलं वहीत राहतं. हातात मुरलेलं वेळेला धावून येतं.

चौथ्या दिवशी त्याच्या जोडीला नागपूरच्या वैष्णवी मॅडम होत्या. दहा वर्षं कडे चढणाऱ्या, हसतमुख बाई. दुसऱ्या टप्प्यावर त्या पुढे होत्या. एका फुगीर खडकाला वळसा घालून दिसेनाशा झाल्या, आणि थोड्या वेळानं वरून आवाज आला, "सर, पकडलंय ना?"

संघदीपनं ऐकलं. स्वच्छ ऐकलं. पण तो दोरावर होता. तो बोलला नाही. त्यानं हलकासा एकच झटका दिला.

विहिरीत त्या झटक्यानं माणसाला धीर येतो. इथं मॅडम बोटभर कपारीवर उभ्या होत्या. त्या झटक्यानं त्यांचा तोल गेला आणि त्या किंचाळत खाली सुटल्या. संघदीपनं दोर असा धरला की त्या दोन हातांपेक्षा जास्त खाली आल्या नाहीत; पण घोटा खडकावर आपटून सुजला. सगळ्यांना तिथूनच खाली उतरावं लागलं.

"दोर ओढल्यासारखा वाटला," मॅडम म्हणाल्या. "आणि सरांनी उत्तरच दिलं नाही."

गाईड बाईनं संघदीपकडे पाहिलं. आता खरं सांगायचं, तर विहीर सांगावी लागणार, आणि विहिरीवरचा बापही.

"मला काही ऐकू आलं नाही," तो म्हणाला. "दोर मी ओढला नाही."

मॅडमनी क्षणभर विचार केला. "मग माझाच पाय सुटला असेल. सरांनी धरलं म्हणून वाचले," असं म्हणून त्यांनी वर त्याचे आभार मानले. संघदीपला वाटलं, आत्ताच्या आत्ता धरणीनं पोटात घ्यावं. धरणीनं घेतलं नाही, आणि त्यानंही तोंड उघडलं नाही.

महिन्याभरानं शाळेत संस्थेचं पत्र आलं. हेडमास्तरांनी ते सगळ्या शिक्षकांपुढे वाचून दाखवलं. मुख्य शिक्षक वैष्णवी मॅडमच होणार होत्या, पण त्यांनीच कळवलं होतं: माझा स्वतःवरचा भरवसा उडाला आहे, मुलांचे दोर आता मी धरणार नाही, माझ्या जागी संघदीप सरांना घ्या. टाळ्या वाजल्या. संघदीप मान खाली घालून उभा राहिला, आणि लोक म्हणाले, किती विनयी माणूस!

शनिवारी तो गावी गेला. उकंडा अंगणात दोराचा झिजलेला भाग तपासत बसला होता. संघदीपनं पत्र त्याच्यापुढे ठेवलं आणि कड्यावरचं सगळं सांगून टाकलं.

"बोलला नाही नं?" उकंडाचा चेहरा खुलला. "बराबर केलं! दोरावरचा माणूस बोलतच नाही." मग तो थांबला. "पण मंग खाली उतरल्यावर सांगतलं का त्या बाईले, आमच्या इकडं असं असते म्हणून?"

"नाही."

"काहून?"

"सांगतलं असतं तं इचारलं असतं, कोठी शिकला," संघदीप म्हणाला. "म्या त्याइले सांगतलं व्हतं, माहे बाबा इंजिनिअर हायेत."

दोर उकंडाच्या बोटांखालून सरकत होता, तो सरकायचा थांबला. संघदीपला त्या घडीला बापानं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

म्हातारा म्हणाला, "आता तं दोर नाही नं तुह्या हातात? बोल नं मंग."

संघदीपनं खिशातून मोबाइल काढला. वैष्णवी मॅडमचा नंबर लावला. उकंडा पुन्हा खाली मान घालून दोर तपासू लागला.

"मॅडम," संघदीप म्हणाला, "माझे वडील विहिरीवर दोर धरतात. तुमचा आवाज मला ऐकू आला होता. दोर मीच ओढला."