मेंबरांचा बाक

मुरुमच्या सरकारी दवाखान्यात मी कारकून होतो. दवाखान्याच्या सल्लागार समितीवर गावातले पाच जण होते. त्यातल्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाला सगळे नुसतं 'मेंबर' म्हणायचे. बाकीचे चहा पिऊन सह्या करायचे. मेंबर मात्र कुठलाही विषय निघाला, की खांद्यावरची घोंगडी सावरत एकच विचारायचे, "ते ऱ्हाऊ द्या. पेशंट बसतोय कुठं?"

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी महिन्यातून एकदा सोलापूरहून मनाच्या आजारांचे डॉक्टर येऊ लागले. त्यांच्यासाठी व्हरांड्यात बाक टाकला, पाटी लावली. पण त्या बाकावर बसलं की गाव येडं म्हणणार, म्हणून कुणी फिरकेना. सभेत एक जण म्हणाले, "डॉक्टरांना कळवून टाका, येऊ नका म्हणून."

मेंबर डॉक्टरांच्या पुढच्या फेरीला, ऐन बाजाराच्या दिवशी, त्या बाकावर मधोमध जाऊन बसले. रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाले, "लिवा माझं नाव. मेंढरं गेल्यापसनं झोप न्हाय."

पुढच्या महिन्यात बाक गच्च भरला. टोकाला मेंबरही होते. सभेची वेळ झाली म्हणून मी बोलवायला गेलो. म्हणालो, "उठा मेंबर, लोक यायला लागले. तुमचं काम झालं."

त्यांनी घोंगडी मांडीखाली आणखी दाबून घेतली.

"तुमी करा सभा चालू," ते हळूच म्हणाले. "गोळ्यांनी लई दिसांनी झोप लागलीया. आता नंबर सोडू व्हय?"