फोटोसाठी घेतलेलं कार्ड

आमच्या धंद्यात गेलेल्या माणसाचा फोटो करून देणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम. जळगावात माझं मिक्सिंगचं दुकान आहे. लग्नसराईत लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग आणि उरलेल्या वर्षात हे. लोक रडून सुजलेल्या डोळ्यांनी येतात आणि आधार कार्ड नाहीतर कुठल्यातरी साखरपुड्यातला फोटो पुढे करतात. पुरुष असेल तर त्याला कोट चढवायचा. कोट माझ्याकडे तयारच आहेत, नुसती मान बसवायची. सवाष्ण गेलेली असेल तर कुंकू मोठं करायचं आणि अंगावर भरजरी साडी द्यायची, मग ती बाई जन्मभर कपाशी वेचत का असेना. 'जरा हसरा करा' असं जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. मी करून देतो. ओठांचे दोन कोपरे माऊसनं वर ओढले की माणूस हसतो.

अशी शेकडो माणसं मी हसवली असतील. घरची वेळ आली तेव्हा माझ्याकडे फोटोच नव्हता.

आईला जाण्याआधी पाच वर्षं अर्धांगवायू होता. हातपाय पुढे बरेच सुधारले, पण तोंड उजवीकडे उतरलं ते उतरलंच. बोलताना त्या बाजूनं लाळ यायची आणि नाना, म्हणजे माझे वडील, खांद्यावरच्या पंच्यानं ती पुसायचे. आईनाना धुळ्याला, मी जळगावात. महिन्यातून एकदोनदा जायचो. बऱ्या कॅमेऱ्याचे मोबाईल आमच्या घरात आले ते नेमके त्याच सुमाराला, आणि त्यातून मी आईचा एकही फोटो काढला नाही. तिला वाईट वाटेल म्हणून, असं मी बायकोला सांगायचो. खरं सांगायचं तर मला तो चेहरा बघवत नव्हता. आईशी बोलताना मी टीव्हीकडे बघायचो, नाहीतर मोबाईलकडे.

ती गेली तेव्हा मला रडू आलं नाही. आत काहीच हललं नाही. तेराव्याला आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. आधारवर सगळेच पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसतात, आईही तशीच दिसत होती. पाहुणे गेल्यावर नानांनी तो उतरवून कपाटात ठेवला आणि म्हणाले, वर्षश्राद्धापर्यंत भिंतीवर फोटो पाहिजे. एवढंच म्हणाले. कुठला फोटो, कसा, काही नाही. मी मात्र तिथल्या तिथं मनाशी ठरवून टाकलं की भिंतीवर आईचा आजारपणाआधीचा चेहरा लागेल. वाकडा नाही. येताजाता मला तो बघायचा नव्हता.

तसा चेहरा एकाच ठिकाणी होता. चाळीसगावच्या एका लग्नातल्या जुन्या ग्रुप फोटोत, तिसऱ्या रांगेत, दोन उंच बायकांच्या खांद्यांच्या फटीत. हरभऱ्याच्या दाण्याएवढा. मोबाईलवरच्या फुकटच्या ॲपनं त्याची मालिकेतली सासू करून दिली. मग मी कॉम्प्युटरवर चालणारा एक प्रोग्रॅम मिळवला. तो म्हणे पुसट चेहऱ्यातून नवा चेहरा उभा करतो. माझ्या कॉम्प्युटरमध्ये चित्रांचं काम ओढणारं ग्राफिक्स कार्ड होतं ते जुनं, चार जीबी मेमरीचं. प्रोग्रॅम दोन मिनिटं धापा टाकायचा आणि मेमरी अपुरी असल्याचं सांगून बंद पडायचा.

कार्ड बदलायचं माझ्या डोक्यात तसं आई असल्यापासूनच होतं, मिक्सिंगसाठी. आता कारणही मिळालं. आणि, लिहायला बरं वाटत नाही पण लिहितो, पैसेही मिळाले. आईच्या औषधांचे आणि व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरांचे पैसे मी दर महिन्याला नानांकडे पाठवायचो. ते आता पाठवायचे नव्हते. सात-आठ महिन्यांत बावीस-तेवीस हजार बाजूला पडले होते. तेच माझं बजेट.

पुढचे काही आठवडे मी कार्डांत घालवले. सकाळी शटर उघडण्याआधी कार्ड, जेवताना कार्ड. कुठल्या कार्डाला किती मेमरी, किती वीज लागते, किती तापतं, कुणाचा पंखा वर्षभरात खरखर करायला लागतो, सगळं मला पाठ झालं. बायको एकदा म्हणाली, "आईंच्या आजाराची एवढी माहिती काढली असती तर?" मी वहीत दोन रकाने आखत होतो, ते आखत राहिलो. तिचं बोलणं मला लागायला हवं होतं. तेव्हा लागलं नाही.

शेवटी दोन कार्डं उरली. एक नवं, आठ जीबीचं, तीन वर्षांची वॉरंटी. ते बाजारातल्या एका मारवाडी शेठकडे होतं. त्यांचे आजोबा डाळीचे व्यापारी, वडील रेडिओवाले आणि हे कॉम्प्युटरवाले. दुसरं जुनं, पण बारा जीबीचं. ते दुरुस्तीवाल्या चाचांकडे होतं. नव्या कार्डाला बजेट संपूर्ण जात होतं आणि वर चार हजार लागत होते. जुनं त्याच्या निम्म्यात होतं, पण त्याला वीज जास्त लागे, म्हणजे पॉवर सप्लाय बदलणं आलं. तरीही ते बजेटात बसत होतं. शेठ म्हणाले, "भाऊ, धंद्याचं मशीन आहे. जुन्याच्या नादी लागू नका." चाचांना मी विचारलं की हे आधी कुठं वापरलंय. ते सोल्डरिंगच्या धुरातून डोळे बारीक करून म्हणाले, "बिटकॉइनवाल्याकडे दीड वर्ष रात्रंदिवस राबलंय बिचारं. पण दम आहे. गॅरंटी म्हणाल तर मी माझीच देत नाही, याची कुठून देऊ?"

प्रोग्रॅमला दहा जीबीच्या वर मेमरी हवी होती. आठच्या कार्डावर चेहरा लहान करावा लागला असता, बाराच्या कार्डावर पूर्ण आकारात होणार होता. मी बारा घेतलं. दुकानात आणलं तर ते कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये मावेना. पुन्हा डबा उचलून चाचांकडे गेलो. त्यांनी आतली पट्टी पक्कडीनं वाकवून जागा केली, कार्ड बसवलं आणि चहा मागवला. काय काम करणार यावर, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आईचा फोटो. त्यांनी माझ्याकडून पक्कडीच्या कामाचे पैसे घेतले नाहीत.

त्याच दिवशी दुपारी मी शटर अर्धं ओढून बसलो. पंखे घोंघावू लागले. पडद्यावर आधी नुसता धब्बा, मग डोळ्यांच्या खाचा, मग नाक, मग ओठ. सातव्या-आठव्या खेपेला बाई उभी राहिली. दोन्ही डोळे सारखे, दोन्ही गाल सारखे, ओठ सरळ. हनुवटीवर बारीक ठिपका आला होता. तो तीळ होता की जुन्या फोटोवरचा डाग, हे मला आठवेना. आईच्या हनुवटीवर तीळ होता का, हे कुणाला विचारायचीही लाज वाटली. म्हणून तो ठेवला. कुंकू मोठं केलं. साडीला जर दिली. सवयीनं हात जातोच. मग ओठांचे कोपरे थोडे वर ओढले.

बरी दिसली. मी बराच वेळ बघत बसलो. आता काहीतरी होईल असं वाटलं होतं, रडू येईल वगैरे. झालं नाही. कार्ड किती तापलंय ते पाहिलं. छान थंड होतं.

वर्षश्राद्धाला आठवडा असताना फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून एसटीनं धुळ्याला गेलो. पारोळ्यापर्यंत उभा, फ्रेम पोटाशी धरून. नाना ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. सत्तरी ओलांडलेले, शाळेत शिपाई होते, आणि घरात अहिराणीशिवाय दुसरं बोलत नाहीत. त्यांनी हात धुतले, पंच्याला पुसले, फ्रेम मांडीवर घेतली. जरा लांब धरली, जवळ आणली.

"हाई कोन शे?" ते म्हणाले.

मला वाटलं, चष्मा नाही. चष्मा आणून दिला. त्यांनी पुन्हा पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

"नाना, आई आहे. चाळीसगावच्या लग्नातली."

"नही."

माझं डोकं फिरलं. मी त्यांना कार्ड किती वणवण करून मिळवलं ते सांगितलं, जीबी सांगितले, आठवतील ते सगळे आकडे सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तुनी मेहनत शे, मी नही म्हणत नही. पन हाई ती नही. तिनं तोंड वाकडं व्हतं."

"ते भिंतीवर चांगलं दिसणार नाही."

"कोनले?"

नाना उठून आत गेले आणि मोबाईल घेऊन आले. माझाच जुना, काचेला तडा गेलेला, मी टाकून देणार होतो तो. त्यांनी बोटानं हळूहळू काहीतरी उघडलं आणि माझ्या हातात दिला.

त्यात आईचे फोटो होते. खूप. सगळे याच ओट्यावर, याच भिंतीला टेकून, सरळ समोरून. कित्येक फोटोंच्या कोपऱ्यात नानांचं बोट आलेलं.

"डॉक्टरनी सांगं व्हतं," नाना म्हणाले, "दर महिनाले तिले हसाडीसन फोटो काढा. फरक समजस."

मी त्या डॉक्टरांचे पैसे पाच वर्षं भरले होते. असे फोटो काढायला सांगितलंय हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. माझा धंदा फोटोचा.

मी एकेक फोटो सरकवत गेलो. पहिल्या फोटोंत ती हसतच नव्हती, नुसती डावी बाजू ताणत होती. पुढे पुढे ते हसू होत गेलं. वाकडंच, पण हसू. एकात तिनं नानांवर डोळे वटारले होते. एकात तोंडाला पीठ लागलेलं. हनुवटी स्वच्छ होती, तीळ कुठेच नव्हता. मी तिचा चेहरा इतका सलग पाच वर्षांत पहिल्यांदा बघत होतो, आणि तो बघवत होता. काहीच कठीण नव्हतं त्यात.

शेवटच्या फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. मान थोडी वळलेली, नजर बाजूला, आणि तोंडभर हसू, त्या सगळ्या फोटोंतलं सगळ्यात मोठं. फोटोच्या कडेला कुणाचा तरी हात आला होता. हातात मोबाईल. मनगटावरचं घड्याळ माझं होतं.

"त्या दिन तू येल व्हता," नाना म्हणाले. "मी म्हणू, इकडे देख. ती देखेच ना. तुनाकडे देखी राहिनी व्हती."

"आणि मी?"

"तू मोबाईल देखी राहिना व्हता."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. शेंगांची टोपली त्यांनी पुन्हा जवळ ओढली. त्यांना राग आलेला मला चालला असता.

त्या फोटोतल्या माझ्या मोबाईलच्या पडद्यावर काय होतं, ते मोठं करून बघता आलं असतं. आता त्या ताकदीचं कार्ड माझ्याकडे होतं. मी बघितलं नाही. मला माहीत होतं, कार्डांचे भाव.

हाच फोटो लावू, असं नानांनी सांगितलं. तुझा हात तेवढा काप, म्हणाले. मी जळगावला येऊन तो कापला. बाकी कशाला हात लावला नाही, ना कुंकवाला, ना साडीला, ना ओठांना. आधीच्या चार जीबीच्या कार्डावरसुद्धा दोन मिनिटांत झालं असतं असं ते काम. तोंडाचा उजवा कोपरा उतरलेला आहे आणि तिथे ओलसर चमकतंय, तेही दिसतं.

वर्षश्राद्धाला आलेली शेजारची अक्का फोटोपुढे बराच वेळ उभी राहिली. मी पंगतीची पानं मांडत होतो. तिनं नानांना विचारलं, "हाई कोनाकडे देखी राहिनी?"

"पोऱ्याकडे," नाना म्हणाले.

अक्का वळून माझ्याकडे बघायला लागली. मी पानं मांडत राहिलो. मग एक पान दोनदा मांडलं गेलं, पुढे दिसेनासं झालं, आणि नानांनी माझ्या हातातली पानं काढून घेतली.